सरकारी इमारतीत सुगम्य पाट्या लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, नगरपरिषद, सार्वजनिक वाचनालय अशा ठिकाणी ब्रेलच्या आणि उठावदार अक्षरांच्या पाट्या लावायचं काम निघालं की कनिष्ठ अभियंते, आस्थापना शाखेतले लिपिक, ग्रंथपाल आणि पाट्या बनवणारे कारागीर साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. नियम कुठला आणि आमचं मत कुठलं, हे त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

सुगम्य पाटी म्हणजे ब्रेलची पाटी ना?

ब्रेल हा तिचा एक भाग. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीशी संबंधित अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांवर नोंदली आहे. त्यांतल्या अनेकांना थोडंफार दिसतं. त्यांना हवं असतं मोठं, ठळक, न चमकणारं अक्षर. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना आणि चष्मा घरी विसरलेल्या कोणालाही तेच हवं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्र लागतं. कर्णबधिर माणसाला शिपायाला विचारून वाट काढणं अवघड, म्हणून त्याची सगळी भिस्त पाटीवर आणि टोकन दाखवणाऱ्या फलकावर. या सगळ्यांना पुरी पडेल ती सुगम्य पाटी. आपल्याकडे मात्र चकचकीत स्टीलच्या पत्र्यावर बारीक अक्षरं कोरतात, खाली ब्रेलची एक ओळ ठोकतात आणि काम झालं म्हणून बिल काढतात.

आमच्या कार्यालयात ब्रेल वाचणारं कोणी येतच नाही. मग खर्च कशाला?

येतात, पण कोणाचा तरी हात धरून येतात, म्हणून तुमच्या नोंदीत येत नाहीत. दुसरं असं, की हे लोक फक्त अर्जदार नसतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण दिलं आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. उद्या बदलून येणारा लिपिक पूर्ण अंध असू शकतो आणि त्याला रोज अभिलेख कक्ष, कॅन्टीन आणि स्वच्छतागृह स्वतः शोधायचं असतं.

हे बंधनकारक आहे की ऐच्छिक?

बंधनकारक आहे. अधिनियमाच्या कलम ४५ ने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. त्या नियमाखाली जी मार्गदर्शक तत्त्वं होती ती शिफारशीसारखी वाचली जात होती. किमान काही गोष्टी सक्तीच्याच असल्या पाहिजेत, असं न्यायालयाने बजावलं आणि केंद्राला तीन महिन्यांत तसे नियम करायला सांगितलं. ‘मार्गदर्शक तत्त्वंच आहेत, बघू पुढच्या वर्षी’ असा शेरा फायलीवर मारणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी इमारत, असंही नाही. लोकांची ये-जा असलेलं खासगी रुग्णालय, महाविद्यालय, नाट्यगृह, धार्मिक स्थळ हे सगळं त्या व्याख्येत येतं.

मोजमापं कुठून घ्यायची?

केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाची २०२१ ची सार्वत्रिक सुगम्यतेची सुसंवादी मार्गदर्शक तत्त्वं आणि मानकं समोर ठेवा. सोबत राष्ट्रीय इमारत संहिता २०१६. अमेरिकेचे आराखडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. तिथली मापं इंचांत असतात, लिपी वेगळी असते आणि दारं कशी वापरतात हेही वेगळं असतं. या शेवटच्या मुद्द्यावर पुढे येऊच.

ब्रेल मराठीत की इंग्रजीत?

मराठीत, आणि जागा असेल तर खाली इंग्रजीत. मराठीसाठी वापरायची ती भारती ब्रेल. १९५१ पासून भारतीय भाषांसाठी हीच समान पद्धत आहे. ती ध्वनीवर चालते, त्यामुळे मराठी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांची टिंबं एकच.

पाट्या बनवणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, ब्रेलमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने एकापुढे एक येतात. छापील ‘महिला’ या शब्दात वेलांटी ‘ह’च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती ‘ह’नंतर येते. दोन, जोडाक्षर फोडून लिहितात आणि पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते. ‘ग्रंथालय’ लिहायला आठ घरं (घर म्हणजे सहा टिंबांपुरती एक चौकट) लागतात: आधी पायमोड्याची खूण, मग ग, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. एका घराला साधारण ६ मिलिमीटर धरले तर शब्द ५ सेंटिमीटरमध्ये बसतो. ‘पाणी’ तर चारच घरांत होतं. पण ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ याला मधली मोकळी जागा धरून २१ घरं लागतात, म्हणजे १३ सेंटिमीटरच्या आसपास पट्टी हवी. पाटीची रुंदी ठरवण्याआधी ही मोजणी करा. ब्रेल बसत नाही म्हणून ते दाबून लहान करता येत नाही. टिंबांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपासच राहायला हवं, बोटाचं टोक तेवढंच वाचतं.

ब्रेल बरोबर आहे हे आम्हाला कसं कळणार? आम्हाला तर वाचता येत नाही.

वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. दुसरा मार्ग नाही. जवळच्या अंधशाळेतले शिक्षक, अंधांसाठी काम करणारी नॅबसारखी संस्था किंवा तुमच्याच खात्यातला ब्रेल जाणणारा कर्मचारी, कोणीही चालेल. मात्र संगणकावरच्या चित्रावरून तपासू नका. एक नमुना पाटी करून घ्या, भिंतीवर नेमक्या उंचीला धरा आणि बोटाने वाचायला सांगा. त्या माणसाला त्याच्या वेळेचं मानधन द्या. तांत्रिक तपासणीच ती, चहावर भागवू नका.

नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली चूक जुन्या फॉन्टची. मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला असतो आणि तोच ब्रेल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला जातो. या फॉन्टमागे पडद्यावर दिसणारी मराठी नसतेच, भलतेच कोड असतात. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्याशिवाय बाहेर काही धड पडत नाही.

दुसरी चूक छपाईची. टिंबं नुसती छापलेली असतात, हाताला सपाट लागतात. फोटोत मात्र झकास दिसतात!

तिसरी, पट्टी उलटी बसते. वेगळी ब्रेल पट्टी चिकटवायची असेल तर सुताराला वरची बाजू कुठली ते कळत नाही. ब्रेलची गंमत अशी की उलटं फिरवलं तरी ते बहुधा कुठलं तरी अक्षर होतंच: ‘प’ उलटा केला की ‘ण’ होतो, ‘न’चा ‘ध’ होतो, ‘म’चा ‘ङ’ होतो. डोळस माणसाला चूक दिसत नाही, वाचणाऱ्याला मात्र ‘पुरुष’ लिहिलंय की आणखी काही, हे कळत नाही. उपाय साधा आहे. अक्षरं आणि ब्रेल एकाच अखंड पाटीवर करून घ्या. ब्रेल अक्षरांच्या खाली, डावीकडून सुरू होणारं.

पाटी दारावर लावायची की भिंतीवर?

भिंतीवर. दाराच्या कडीच्या बाजूला, बिजागरीच्या नाही. दारावरची पाटी वाचायला माणूस अगदी जवळ उभा राहतो आणि तेवढ्यात कोणी दार उघडलं तर ते थेट नाकावर येतं.

आपल्या कार्यालयांत आणखी एक कारण आहे. दहा वाजता दारं उघडली की संध्याकाळपर्यंत उघडीच असतात. दाराची फळी आत भिंतीला टेकलेली, मागे विटेचा तुकडा किंवा खुर्ची लावलेली. म्हणजे दारावरची पाटी दिवसभर खोलीच्या आत असते, बाहेर उभ्या माणसाला ती सापडत नाही. दुफळी दार असेल तर उजव्या हाताच्या भिंतीवर लावा आणि संपूर्ण इमारतीत तोच नियम पाळा. अंध माणूस पहिल्या दोन दारांवरून अंदाज बांधतो. तिसऱ्या दाराला पाटी भलतीकडे असेल तर ती त्याच्या दृष्टीने नाहीच.

आता जागा. कडीच्या बाजूची भिंत तुमच्याकडे मोकळी आहे का, हे आधी बघून या. बहुतेक ठिकाणी तिथे गोदरेजचं कपाट, लाल कापडात बांधलेल्या जुन्या फायलींचे गठ्ठे, अग्निशामक नळकांडं, सूचना फलक नाहीतर अभ्यागतांचं बाकडं असतं. पाटीसमोर माणसाला उभं राहता यायला हवं, व्हीलचेअर जवळ आणता यायला हवी. ‘कपाट हलवणे’ हे कलम अंदाजपत्रकात नसतं, पण निम्मं काम तेच असतं. कपाट हलवायला कोणी तयार नसेल तर पाट्यांची मागणी नोंदवूच नका.

उंची किती ठेवायची?

हाताने वाचायच्या पाट्या जमिनीपासून १४०० ते १६०० मिलिमीटरच्या पट्ट्यात. एकदा १५०० ठरवलंत की सगळीकडे १५००. छताला टांगायच्या दिशादर्शक पाट्यांखाली किमान २१०० मिलिमीटर मोकळी जागा सोडा. भिंतीतून बाहेर आलेल्या पाट्या डोक्याच्या उंचीला लावू नका. पांढऱ्या काठीला त्या लागत नाहीत, कपाळाला लागतात.

रंग कोणते?

गडद निळ्यावर पांढरा, काळ्यावर पिवळा, पांढऱ्यावर काळा, काहीही चालेल. दोन रंगांतला उजेडाचा फरक मोठा हवा. लाल-हिरवी जोडी टाळा. पाटीचा पृष्ठभाग मॅट हवा. सोनेरी पितळेवर कोरलेली किंवा स्टीलवर स्टीलच्याच रंगाची अक्षरं भारदस्त दिसतात म्हणून साहेबांना आवडतात. अल्पदृष्टी माणसाला त्यात खिडकीचा उजेड दिसतो, अक्षर नाही.

तपासायची सोपी पद्धत: मोबाइलवर पाटीचा फोटो काढा, तो कृष्णधवल करा आणि हात लांब करून बघा. वाचता आलं तर ठीक. पाटी आणि भिंत यांच्यातही फरक हवा. पांढऱ्या भिंतीवरची पांढरी पाटी आधी सापडायला तर हवी.

फॉन्ट आणि अक्षराचा आकार?

एकसारख्या जाडीचं साधं देवनागरी वळण घ्या. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी चालतात, दोन्ही मोफत मिळतात. बोरूच्या वळणाचे जाड-बारीक फॉन्ट आणि लग्नपत्रिकेचे फॉन्ट नकोत.

मार्गदर्शक तक्त्यांत ६ मीटरवरून वाचायला २० मिलिमीटर, १२ मीटरवरून ४० आणि १५ मीटरवरून ५० मिलिमीटर उंचीचं अक्षर किमान धरलं आहे. आमचं मत असं, की देवनागरीसाठी याहून मोठं घ्यावं, शक्य तर दीडपट. ही उंची शिरोरेषेपासून खाली अक्षराच्या पायापर्यंत मोजा. पुष्कळ कारागीर वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेवटापर्यंत मोजतात आणि मग मूळ अक्षर निम्मंच उरतं. ‘नोंदणी’ या शब्दातली मात्रा, अनुस्वार आणि वेलांटी चौकटीत कापली जात नाहीत ना, तेही बघा.

अक्षरांचा उठाव १ ते दीड मिलिमीटर. उठावदार देवनागरीचा उपयोग मुख्यतः नंतर दृष्टी गेलेल्यांना होतो, ज्यांना अक्षराचं रूप आठवतं. म्हणून मजकूर कमी ठेवा. ‘जन्म-मृत्यू नोंदणी’ आणि खोली क्रमांक एवढं पुरे. कामकाजाची वेळ, माहिती अधिकाराचा तपशील, सेवा हमीची यादी हे सगळं वेगळ्या फलकावर.

साहित्य कोणतं टिकतं?

इमारतीच्या आत जाड अॅक्रिलिक किंवा फोटोपॉलिमर चांगलं. कोकणात साधं लोखंड आणि स्वस्त स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजतात, स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाच्या भिंतीवर धातूची पाटी नको. मे महिन्यात दुपारी तिला बोट लावून बघा म्हणजे समजेल. दुहेरी चिकटपट्टी कुठेच नको, उन्हाळ्यात ती सुटते. कडा आणि कोपरे गोल करून घ्या, त्यावरून हात फिरणार आहे.

अधिकाऱ्यांची नावं ब्रेलमध्ये घालायची का?

नको. तीन वर्षांत बदली होते आणि खोडलेलं ब्रेल तसंच राहतं. पदनाम आणि खोली क्रमांक कायमचे करा, नावासाठी वर सरकवता येणारी कागदी पट्टी ठेवा. खोली क्रमांक ब्रेलमध्ये लिहिताना आधी अंकाची खूण लागते. ती राहिली तर १, २, ३ हे अंक अक्षरं म्हणून वाचले जातात.

अंध माणसाला पाटी भिंतीवर कुठे आहे हे सापडणार कसं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. नुसती पाटी लावून भागत नाही, तिच्यापर्यंत नेणारी वाट लागते. त्यासाठी स्पर्शफरश्या आहेत. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब उंचवट्यांची फरशी ‘सरळ चला’ सांगते, गोल ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’ सांगते. प्रवेशद्वारापासून चौकशी खिडकीपर्यंत, तिथून जिना, लिफ्ट आणि स्वच्छतागृहापर्यंत वाट न्या. खोल्यांच्या दारांशी एकसारख्या जागी पाटी असेल तर पुढचं काम हात करतो. वाट दुचाकींच्या रांगेत किंवा खांबावर जाऊन संपत नाही ना, हे स्वतः चालून बघा. दोन्ही प्रकारच्या फरश्या ‘डिझाइन’ म्हणून मिसळून बसवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. अशा वाटेपेक्षा वाट नसलेली बरी.

व्हीलचेअरचं निळं चिन्ह कुठे लावायचं?

जिथे व्हीलचेअर खरोखर जाते तिथेच. १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढलेलं हे चिन्ह जगभर ओळखलं जातं, म्हणून त्यावर विश्वास ठेवून माणूस इथवर येतो. उतार १:१२ पेक्षा (१२ फूट लांबीत १ फूट चढ) तीव्र असेल, वर उंबरा असेल किंवा स्वच्छतागृहात केरसुण्या-बादल्या भरून बाहेर कुलूप असेल, तर चिन्ह लावू नका. आधी ती जागा मोकळी करा. मुख्य दाराला पायऱ्या असतील तर तिथे बाण लावून उताराचं दार कुठल्या बाजूला आणि किती मीटरवर आहे ते लिहा. हा बाण फाटकापाशी हवा. अख्खं आवार ओलांडून आल्यावर कळून उपयोग नाही.

स्वच्छतागृहाच्या पाटीत विशेष काय?

चित्र मोठं आणि सरळ ठेवा. मिशी आणि नथ, टोपी आणि गजरा अशा कल्पक चित्रांची हौस हॉटेलवाल्यांना करू द्या. ‘महिला’, ‘पुरुष’ हे शब्द मराठीत, उठावदार, खाली ब्रेल.

जिना आणि लिफ्ट?

जिन्याच्या कठड्यावर, जिथे हात पहिल्यांदा पडतो तिथे आणि शेवटी, मजला क्रमांकाची ब्रेल पट्टी लावा. लिफ्टच्या बाहेर चौकटीवर मजल्याचा मोठा उठावदार अंक, आत बटणांवर ब्रेल आणि मराठीत मजला सांगणारा आवाज. बटणांवर ब्रेल आहे पण आवाज बंद, अशी स्थिती सर्रास दिसते. लिफ्टमनला आवाजाचा कंटाळा येतो हे खरं, पण तो बंद करता येत नाही.

पाट्यांऐवजी क्यूआर कोड लावला तर?

जोडीला चालेल, बदली म्हणून नाही. सपाट कागदावरचा कोड भिंतीवर नेमका कुठे आहे हे न दिसणाऱ्याला कसं कळावं? लावायचाच तर उठावदार चौकटीत, पाटीखाली ठरावीक जागी लावा. स्पर्शनकाशाचंही, म्हणजे हाताने चाचपून वाचायच्या इमारतीच्या नकाशाचंही, तसंच. मोठ्या रुग्णालयात प्रवेशाशी तो कामाचा, चार खोल्यांच्या ग्रामपंचायतीत त्याचे पैसे पाणी आणि स्वच्छतागृहाच्या पाट्यांना वापरा.

इमारत ब्रिटिशकालीन, दगडी आहे. भोकं पाडू देत नाहीत.

संरक्षित इमारत असेल तर संबंधित वारसा समितीची किंवा पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. दगडाऐवजी सांध्यातल्या चुन्यात स्क्रू बसवता येतो, किंवा दाराशेजारी वजनदार तळ असलेला खांब उभा करता येतो. खांब रोज झाडताना हलवला जाणार असेल तर जमिनीवर खूण करून ठेवा.

निविदेत काय लिहायचं आणि पैसे कुठल्या शीर्षातून?

‘ब्रेल बोर्ड, नग ४०’ एवढंच लिहाल तर स्वस्तातला स्वस्त पत्रा येईल. भारती ब्रेल मराठीत, टिंबांचं माप, अक्षरांचा उठाव, मॅट पृष्ठभाग, जागा दाखवणारा नकाशा आणि ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीने नमुना मंजूर केल्याशिवाय उत्पादन नाही, ही अट घाला. बसवल्यावर त्याच व्यक्तीने फिरून पाहिल्याचा अहवाल असल्याशिवाय अंतिम बिल नको.

स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावा लागतो आणि अनेकांचा डोळा त्यावर असतो. आमचं मत वेगळं आहे. त्या पैशातून लोकांना साधनं आणि थेट मदत मिळते. पाट्या इमारतीचा भाग आहेत, त्या इमारतीच्या देखभाल-दुरुस्तीतून करा.

लावल्यानंतर देखभाल?

सगळ्यात मोठा धोका रंगाऱ्याचा. दिवाळीआधी रंगकाम निघतं आणि ब्रेलवर ऑइलपेंटचा हात फिरतो. टिंबं भरतात, वाचता येत नाहीत. पाट्या स्क्रूच्या असतील तर काढून ठेवता येतात, पण काढताना प्रत्येकीमागे खोली क्रमांक लिहा, नाहीतर लेखा शाखेची पाटी शौचालयाला लागते. दुसरा धोका कॅलेंडरचा आणि शुभेच्छांच्या स्टिकरचा. झाडूवाल्या मावशींना पाट्या कशासाठी आहेत ते सांगा, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. तारेची घासणी टिंबं झिजवते.

पाट्या नाहीत किंवा चुकीच्या आहेत, तक्रार कुठे करायची?

आधी कार्यालय प्रमुखांकडे लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. पाटीचा, तिच्यासमोरच्या कपाटाचा आणि दाराचा फोटो जोडा. ब्रेल चुकीचं असेल तर ते वाचून काय होतं, तेही अर्जात लिहा; साहेबांना ते फोटोवरून कळणार नाही.